सर्व्हो बदलला, तरी विमान वर येईना

रेडिओवर उडणाऱ्या विमानाचं एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती फळी, हवेत दाद देईनासं झालं की पहिलं बोट सर्व्होकडे, म्हणजे ती फळी हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या डबीकडे जातं. ते साहजिकही आहे. हलणारा भाग तोच, ताकदीचा आकडा त्याच्याच वेष्टनावर छापलेला, आणि बदलायचा तर दोन-चार स्क्रूंचं काम. सर्व्हो आणि एलिव्हेटर यांना जोडणारा पुशरॉड, म्हणजे लांब दांडी किंवा तार, मात्र फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, पोटात असतो. एकदा वरचं आवरण चिकटवलं की तो दिसत नाही आणि त्याची आठवणही राहत नाही. पुढचं प्रकरण अशाच एका पुशरॉडचं आहे. विमान सांगली जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचं. त्याच्या संमतीनं लिहितो आहे, नाव तेवढं बाजूला ठेवतो.

विमान आणि दोन अपघात

विमान त्यानं स्वतः बांधलेलं होतं. उंच पंखाचं, शिकण्यासाठीचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं आणि लाइट प्लायचं. पंखांचा विस्तार 1600 मिलिमीटर, ब्रशलेस मोटर, बॅटरीसकट वजन 1.9 किलो. वडील सुतारकाम करणारे, त्यामुळे सांध्यांकडे बघत राहावं असं काम झालं होतं. एलेरॉनचे, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या फळ्यांचे, दोन सर्व्हो पंखातच बसवलेले, त्यांचे रॉड बोटाएवढे. एलिव्हेटर आणि रडरचे (उभ्या शेपटीवरच्या सुकाणूचे) सर्व्हो पंखाखाली फ्यूजलाजमध्ये. तिथून शेपटीपर्यंत 60 सेंटिमीटरचं अंतर आणि त्या अंतरात 1.2 मिलिमीटर जाडीची पोलादी तार. मध्ये कुठे आधार नाही. फॉर्मरना, म्हणजे फ्यूजलाजमधल्या आडव्या चौकटींना, मोठाली भोकं होती, पण तार त्यांना कुठे टेकत नव्हती. तार कशाला घासू नये म्हणून ती भोकं मुद्दाम मोठी ठेवली होती.

पहिल्या उड्डाणात विमान छान उचललं, वळणं घेतली, चकरा मारल्या. मग त्यानं उंचीवरून मोटर चालू ठेवूनच विमान खाली आणलं. धावपट्टीवरून खालून एक फेरी मारायची होती. वेग वाढला, नाक वर घ्यायला हातातल्या ट्रान्समीटरची स्टिक मागे ओढली, नाक वर आलं नाही. ज्वारी काढलेल्या रानात विमान उथळ कोनात घुसलं. प्रोपेलर आणि मोटरचा माउंट गेला, बाकी सांगाडा वाचला.

मैदानावरच्या जाणत्यांनी निदान केलं: एवढ्या विमानाला 9 ग्रॅमचा सर्व्हो पुरेल का? त्यानं 55 ग्रॅमचा, धातूच्या दात्यांचा सर्व्हो आणून बसवला. 9 ग्रॅमवाल्याची ताकद 1.8 किलो-सेंटीमीटर (मध्यापासून एका सेंटिमीटरवर 1.8 किलोचा जोर) लिहिलेली असते, या नव्याची 4.8 व्होल्टला 9.4. म्हणजे पाचपट. तार तीच ठेवली.

दुसऱ्या वेळी त्यानं सूर मारला तेव्हा तेच झालं. फरक एवढाच, की या खेपेला घाबरून त्यानं मोटर बंद केली. विमानाचा वेग उतरला आणि जमीन जवळ आलेली असताना नाक आपोआप उचललं गेलं. चाकांचा सांगाडा मोडला, विमान वाचलं. त्यानंतर तो ते घेऊन माझ्याकडे आला.

काय बिघडलं नव्हतं

कुठलाही स्क्रू काढण्याआधी मी त्याला बोलतं केलं. अशा वेळी वैमानिकाच्या तोंडून निघालेलं पहिलं वर्णन फार मोलाचं असतं. चार लोकांनी आपापली मतं त्यात मिसळली की ते गढूळ होतं.

“काका, स्टिक पूर्ण ओढली होती. तरी नाक वर यायचं नावच घेईना.”

“बरं. आणि खाली दाबलं की?”

“खाली लगेच जायचं. तिकडे काहीच अडचण नव्हती.”

“मोटर बंद केल्यावर किती वेळानं वर आलं?”

“वेग कमी झाला तसं आलं. मी स्टिक ओढलेलीच होती.”

या तीन उत्तरांत प्रकरणाचा बराचसा उलगडा आहे. रेडिओचा संपर्क तुटला असता तर मोटरही ऐकली नसती आणि एलेरॉनही. दोन्ही ऐकत होते. गुरुत्वमध्य पुढे गेला असता तर एलिव्हेटर कमी पडतं हे खरं, पण ते सगळ्यात जास्त जाणवतं हळू वेगात, उतरताना. इथे उलटं होतं: हळू वेगात ठीक, जोरात गेलं की नाही. तरी मी गुरुत्वमध्य तपासला. पंखाच्या रुंदीच्या 28 टक्क्यांवर होता, अशा विमानाला अगदी योग्य.

राहिला सर्व्हो. वेग वाढला की हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 36 किलोमीटरवर एलिव्हेटर वळवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या चौपट 72 वर लागतो. कमकुवत सर्व्हो त्या दाबाखाली मागे ढकलला जातो. त्यामुळे मैदानावरच्या मंडळींचा पहिला संशय काही वेडगळ नव्हता, लक्षण तसंच दिसतं. पण पाचपट ताकदीचा सर्व्हो लावूनही वागणं तसूभर बदललं नाही, तेव्हा तो संशय तिथेच गळून पडायला हवा होता. शिवाय कमकुवत सर्व्हो दोन्ही बाजूंना सारखाच कमकुवत असतो. हे विमान खाली जायला तयार होतं आणि वर यायला नाही.

एका दिशेनं चालतं आणि दुसऱ्या दिशेनं चालत नाही असं दिसलं की मी जोडणी बघतो. ओढताना तार ताणली जाते, आणि ताणाखाली 1.2 मिलिमीटरची पोलादी तार या विमानाच्या दसपट मोठ्या विमानालाही पुरेल. ढकलताना ती दबते. या विमानात हॉर्न, म्हणजे तार अडकवायचा भोकांचा छोटा दांडा, एलिव्हेटरच्या खालच्या बाजूला होता. एलिव्हेटरची मागची कड वर जायची तर हॉर्नचं टोक मागे सरकायला हवं, म्हणजे वर येण्यासाठी तारेनं ढकलायचं आणि खाली जाण्यासाठी ओढायचं. केरसुणीची काडी दोन टोकांना धरून ओढा, तुटता तुटत नाही. तीच दोन टोकांनी दाबा, लगेच कमान होते.

ताणकाटा

अंदाजावर फ्यूजलाज फाडायला मी तयार नव्हतो, आणि त्याच्या वडिलांनी घासूनपुसून केलेलं काम तर मुळीच नाही. आधी प्रोपेलर काढला. विजेचं विमान टेबलावर चालू करायचं तर ही पहिली गोष्ट, तिला अपवाद नाही. मग ट्रान्समीटरची स्टिक पूर्ण मागे ओढून धरायला सांगितली. एलिव्हेटर डौलात वर गेलं. टेबलावर बघितलं तर सगळं उत्तम, आणि दोन्ही उड्डाणांपूर्वी त्यानं एवढंच बघितलं होतं.

आता मी एलिव्हेटरच्या मागच्या कडेवर बोट ठेवून अलगद खाली दाबलं. ते खाली आलं. सर्व्हो जागचा हलला नाही, गुरगुरलाही नाही. प्रयोगशाळेतला 250 ग्रॅमचा ताणकाटा कडेला अडकवून ओढलं तेव्हा 20 ते 25 ग्रॅमला एलिव्हेटर सपाट व्हायला लागलं. पंखाखालच्या झाकणातून विजेरी मारली तर आत तार धनुष्यासारखी वाकून फ्यूजलाजच्या भिंतीला टेकलेली दिसली. मुलगा बराच वेळ विजेरी धरून बघत राहिला. आपल्या विमानाला काय झालं होतं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, आणि मला समजावून सांगायची गरज उरली नाही.

पण तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी, म्हणून गणितही करून घेतलं. दाबाखालच्या बारीक खांबाचं गणित लेओनहार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानं 1744 साली मांडलं, ते अजून तसंच लागू आहे. खांब किती दाबाला कमान होऊन पडतो, हे पदार्थाच्या ताठपणावर आणि आकारावर ठरतं. जाडी दुप्पट केली तर ताकद सोळापट होते, लांबी दुप्पट केली तर ती चौथाई उरते. 1.2 मिलिमीटरची, 60 सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना मोकळी फिरणारी पोलादी तार साधारण 57 ग्रॅमच्या दाबाला कमान होते. सत्तावन्न ग्रॅम!

आता हवा किती मागते ते पाहू. एलिव्हेटर 55 सेंटिमीटर लांब आणि 4.5 सेंटिमीटर रुंद. वेग ताशी 72 किलोमीटर, कोन 20 अंश. ढोबळ हिशेबानं बिजागरीभोवतीचा जोर 0.053 न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. हॉर्नच्या सगळ्यात आतल्या भोकात, बिजागरीपासून 9 मिलिमीटरवर, तार अडकवलेली होती. तिथे तारेवर साधारण 600 ग्रॅमचा दाब पडतो. तार 57 ला मान टाकते. उलट बाजूनं मोजलं तर त्या वेगाला एलिव्हेटर जेमतेम 2 अंश वळू शकत होतं. ताशी 36 किलोमीटरवर मात्र तेच 7-8 अंश वळत होतं, आणि चकरा मारायला तेवढं पुरतं. म्हणून पहिली दहा मिनिटं सगळं आलबेल वाटलं. सर्व्हो पाचपट ताकदीचा लावून फक्त तार जास्त जोरात वाकवली गेली.

भोकांची निवड

तारेइतकीच मोठी चूक भोकांच्या निवडीत होती, आणि ही मला मैदानावर सतत दिसते. सर्व्होच्या हाताच्या, म्हणजे त्याच्यावर फिरणाऱ्या पट्टीच्या, सगळ्यात बाहेरच्या भोकात, 16 मिलिमीटरवर, तार लावलेली. दुसऱ्या टोकाला हॉर्नच्या सगळ्यात आतल्या भोकात, 9 मिलिमीटरवर. यामुळे एलिव्हेटर भरपूर हलतं, आणि भरपूर हलणारं एलिव्हेटर टेबलावर जोरदार दिसतं. ते फारच हलायला लागलं म्हणून त्यानं ट्रान्समीटरमध्ये जाऊन सर्व्होच्या फिरण्याचा प्रवास 30 टक्क्यांवर आणला होता.

सर्व्हो एका बाजूला 40 अंश फिरतो असं धरलं तर त्यातले 12 अंशच तो वापरत होता. उरलेल्या 28 अंशांची ताकद आणि बारकावा फुकट. कमी फिरून जास्त हलवायचं म्हणजे सर्व्होवर ओझं जास्त. त्याच एलिव्हेटरला, त्याच 72 च्या वेगाला, या जोडणीत सर्व्होला 0.96 किलो-सेंटीमीटर जोर लावावा लागत होता. 9 ग्रॅमच्या सर्व्होची अर्धी शक्ती तिथेच खर्च. सर्व्होकडे 11 मिलिमीटर आणि हॉर्नकडे 18 मिलिमीटर घेतलं तर पूर्ण 40 अंश फिरून एलिव्हेटर साधारण 23 अंश वळतं. एवढंच तर हवं आहे. आणि सर्व्होला जोर लागतो 0.33. एक पैसा न घालता ओझं तिसऱ्या हिश्शावर.

खेळ, म्हणजे ढिलेपणा, हाही याच गणितात येतो. 1.2 ची तार हॉर्नच्या 2 मिलिमीटरच्या भोकात घातलेली होती. 0.8 मिलिमीटरची मोकळीक, बिजागरीपासून फक्त 9 मिलिमीटरवर. मागच्या कडेला ती 4 मिलिमीटर होऊन दिसत होती. सर्व्हो स्थिर असतानाही एलिव्हेटरची कड 4 मिलिमीटर मोकळी वरखाली होत होती. एवढ्या ढिल्या पृष्ठभागाला वेगात थरथर सुटू शकते, आणि ती थरथर एकदा सुटली की एका क्षणात बिजागऱ्या उपटून निघतात. कमान झालेली तार आणि ढिलं भोक यांतून या मुलाचं विमान शेपटीसकट खाली आलं, हे त्याचं नशीब.

आणखी एक बाब: तार हॉर्नपर्यंत पोहोचावी म्हणून शेवटच्या 8 सेंटिमीटरमध्ये तिला दोन बाक दिले होते. बाक दिलेली तार ही स्प्रिंग असते. पुशरॉड सर्व्होपासून हॉर्नपर्यंत सरळ रेषेत जायला हवा. जात नसेल तर सर्व्होची जागा बदलायची, नाहीतर फ्यूजलाजमधून बाहेर पडायची फट बदलायची. तार वळवून वेळ मारून न्यायची नाही.

नव्यानं बसवणं

55 ग्रॅमचा सर्व्हो काढला. त्याचा मला रागच आला होता. अडकला तर तो अडीच अँपिअरपर्यंत खेचू शकतो, आणि या विमानातल्या, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरमधून रिसीव्हरला (रेडिओचे संदेश घेणाऱ्या भागाला) मिळणारा पुरवठा 2 अँपिअरचा. एक दुखणं झाकायला जातानाच रिसीव्हर बंद पडण्याचं दुसरं, याहून भयंकर दुखणं आत येऊन बसलं होतं. हिशेबानं 9 ग्रॅमचा सर्व्होही या एलिव्हेटरला पुरला असता. पण त्याचे प्लॅस्टिकचे बारीक दाते ओबडधोबड माळावर उतरताना शेपटीला बसणाऱ्या हिसक्यांना टिकत नाहीत. म्हणून 37-38 ग्रॅमचा साधा स्टँडर्ड सर्व्हो घेतला, 3.2 किलो-सेंटीमीटरचा. गरजेच्या दसपट ताकद आहे. याहून जास्त या विमानाला नको.

सर्व्हो ठेवायच्या आडव्या पट्ट्या त्याच्या वडिलांनी केल्या. मी लाइट प्लायच्या म्हणत होतो. ते म्हणाले, प्लायच्या कडेत स्क्रू धरत नाही, सागाच्या करू. बरोबर होतं त्यांचं. 10 मिलिमीटर चौरस सागाच्या दोन पट्ट्या, इपॉक्सीनं दोन्ही भिंतींना चिकटवल्या, खालून बाल्साचे त्रिकोणी ठोकळे. स्क्रूसाठी आधी 1.5 मिलिमीटरचं भोक पाडलं, स्क्रू एकदा आत फिरवून काढला, भोकात पातळ सायनोचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) एक थेंब सोडला, पूर्ण वाळू दिला. त्यानं लाकडातले आटे टणक होतात. ओलं असतानाच स्क्रू घातला तर तो कायमचा तिथला झाला, हे ध्यानात ठेवायचं.

स्टँडर्ड सर्व्होसोबत चार रबरी गुटके आणि पितळेच्या चार नळ्या मिळतात. नळीच्या एका टोकाला चपटी किनार असते. ती किनार खाली, लाकडाकडे यायला हवी, म्हणजे नळी गुटक्यात खालून वर घालायची. उलटी घातली तर नळीची धारदार कड लाकडात रुतत जाते आणि स्क्रू सैल पडतो. स्क्रू नळीला टेकेपर्यंतच आवळायचा, रबर चेपलं गेलं तर ते असून नसल्यासारखं. सर्व्होचं अंग पट्टीला कुठेही टेकू नये, चहूबाजूंनी मिलिमीटरभर फट हवी.

मग हात बसवणं. इथे घाई करणारे पुढे ट्रान्समीटरमध्ये आकडे फिरवत बसतात. आधी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर चालू करायचे, ट्रिम आणि सबट्रिम (सर्व्होचा मध्य किंचित सरकवणाऱ्या ट्रान्समीटरमधल्या सोयी) शून्यावर आणायचे, स्टिक मध्यावर. सर्व्होला आता 1500 मायक्रोसेकंदांचा संदेश मिळतो आहे आणि तो त्याच्या खऱ्या मध्यावर उभा आहे. आता हात असा चढवायचा की तो पुशरॉडला काटकोनात येईल. काटकोन नसेल तर एलिव्हेटर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी जातं.

नेमका काटकोन पहिल्या खेपेला क्वचितच मिळतो. या सर्व्होच्या दांड्यावर 25 दाते होते, म्हणजे एक दाता पुढे-मागे केला की 14.4 अंशांचा फरक. पण सोबत चार फाट्यांचा हात मिळतो त्याचा इथे फार सुंदर उपयोग होतो. 25 ला 4 नं भाग जात नाही, त्यामुळे चारही फाटे दात्यांच्या तुलनेत थोडे थोडे वेगळ्या जागी पडतात. हात काढून नव्वद अंश फिरवून पुन्हा चढवला की 3.6 अंशांच्या पायरीनं जागा मिळत जाते. चारही फाटे लावून बघितले तर चूक दोन अंशांच्या आतच राहते. आम्हाला तिसरा फाटा जवळजवळ नेमका मिळाला. त्यावर खूण केली, बाकीचे तीन कापून टाकले आणि मधला स्क्रू तेव्हाच लावला. तो स्क्रू “नंतर लावू” म्हणून राहिलेली विमानं मी पाहिली आहेत. उरलेला अंशभर फरक क्लेव्हिस, म्हणजे रॉडच्या टोकाची आट्यांवर चढणारी चिमटी, फिरवून काढला. सबट्रिम शून्यावरच राहिलं.

पुशरॉडसाठी तीन पर्याय त्याच्यासमोर ठेवले. तारच 2 मिलिमीटरची घ्यायची: ती 440 ग्रॅमपर्यंत टिकते, पण वजन 15 ग्रॅम आणि तेही शेपटीच्या बाजूला. किंवा जुनीच 1.2 ची तार नायलॉनच्या नळीत घालून नळीला दर 15 सेंटिमीटरवर फॉर्मरला चिकटवायचं. आधारांमधलं अंतर चौथाई झालं की ताकद सोळापट, म्हणजे 900 ग्रॅमच्या वर. हा स्वस्त आणि अगदी विश्वासू मार्ग आहे. फक्त नळीच्या आत नायलॉनचाच रॉड वापरू नये, निदान आपल्याकडच्या उन्हात तरी नाही. सकाळ आणि दुपार यांत 20 अंशांचा फरक पडला तर 60 सेंटिमीटरचा नायलॉन रॉड मिलिमीटरभर वाढतो आणि एलिव्हेटरचा मध्य 3 अंशांनी सरकतो.

तिसरा पर्याय कार्बनची नळी, बाहेरून 4 आणि आतून 3 मिलिमीटर. 60 सेंटिमीटर लांबीला ती अडीच-तीन किलो दाब सोसते आणि वजन 5 ग्रॅम, जुन्या तारेएवढंच! मुलानं हीच निवडली, आणि मीही हीच निवडली असती. दोन्ही टोकांना 2 मिलिमीटरच्या तारेचे आखूड तुकडे. त्यांचा आत जाणारा 25 मिलिमीटरचा भाग पॉलिश कागदानं खरवडला, नळीत घट्ट बसावा म्हणून त्यावर दोरा गुंडाळला, इपॉक्सी लावून आत सरकवला. नळीची तोंडं उभी चिरू नयेत म्हणून बाहेरूनही दोरा गुंडाळून सायनो दिला. सर्व्होच्या बाजूला झेड-बेंड (तारेला दिलेला Z आकाराचा बाक), शेपटीच्या बाजूला आटे आणि नायलॉनचा क्लेव्हिस. झेड-बेंडसाठी हातातलं भोक ड्रिल हातानं फिरवून 2 मिलिमीटरपर्यंतच मोठं केलं, एका फेरीनंही जास्त नाही. क्लेव्हिस आट्यांवर निदान 6 मिलिमीटर चढवला आणि तो उघडू नये म्हणून त्यावर सिलिकॉन नळीचं कडं.

कार्बन वापरताना एक पथ्य आहे. ते रेडिओलहरी अडवतं. रिसीव्हरच्या अँटेनाचं शेवटचं उघडं 31 मिलिमीटरचं टोक त्याच्यापासून दूर ठेवायला लागतं. इथे दोन अँटेना होत्या. एक आडवी आणि एक उभी, पंखाच्या पुढच्या बाजूला नेल्या.

हॉर्न वरच्या बाजूला हलवावा का, यावर आमची चर्चा झाली. वर असता तर वर येण्यासाठी रॉड ओढला गेला असता, आणि लांब बारीक तारेच्या विमानात मी तसंच करायला सांगेन. इथे ते करायचं तर रॉडची वाट आडव्या शेपटीच्या मुळातून गेली असती. हॉर्नकडे 18 मिलिमीटर घेतल्यावर उरलेली 300 ग्रॅमची मागणी कार्बनच्या नळीला काहीच नाही, म्हणून हॉर्न खालीच ठेवला. भोकं मात्र बिजागरीच्या रेषेच्या नेमकी खाली आणली. आधी ती 5 मिलिमीटर मागे होती आणि त्यामुळे वरचा आणि खालचा प्रवास असमान होता. रॉड जोडण्याआधी एलिव्हेटर मोकळं सोडून बघितलं. स्वतःच्या वजनानं ते खाली झुकलं, म्हणजे बिजागऱ्या अडत नाहीत.

रडरला जुनी तारच नायलॉनच्या नळीत घालून चार ठिकाणी आधार दिला. तिथे एवढं पुरतं.

पुन्हा ताणकाटा, मग माळ

पुन्हा प्रोपेलर काढून, स्टिक पूर्ण मागे धरून, कडेला ताणकाटा लावला. 72 च्या वेगातला हवेचा जोर मागच्या कडेवर मोजला तर साधारण 120 ग्रॅम भरतो. 120 ला कड मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली आली. 250 ग्रॅमला काटा संपला, सर्व्हो गुरगुरला, एलिव्हेटर वरच राहिलं. हातानं हलवून बघितलं तर कडेची मोकळीक अर्ध्या मिलिमीटरवर आली होती. मग सगळे सर्व्हो एकाच वेळी जोरात फिरवून रिसीव्हरचा दिवा मिचमिचतो का ते बघितलं. नाही मिचमिचला.

उड्डाण सकाळी, वारा पडलेला असताना केलं. शंभरेक मीटर उंचीवर नेऊन आधी हलका उतार, स्टिक थोडी ओढायची, प्रतिसाद बघायचा. मग थोडा तीव्र. मग मोटर अर्ध्यावर ठेवून तसाच. प्रत्येक वेळी नाक वर आलं, आणि शेवटच्या सुरात तर त्याला स्टिक सोडावी लागली, इतकं झटकन आलं. ट्रान्समीटरमध्ये प्रवास आता 100 टक्के होता, म्हणून स्टिकच्या मधल्या भागातली धार थोडी बोथट करण्यासाठी 25 टक्के एक्स्पो दिला. आधीच्या उड्डाणांत त्यानं बरंच वरचं ट्रिम देऊन ठेवलं होतं. ते सगळं काढून टाकावं लागलं. ढिल्या, वाकणाऱ्या जोडणीची उणीव तो नकळत ट्रिमनं भरून काढत होता.

त्याचे वडील पहिल्यांदाच मैदानावर आले होते. विमान उतरल्यावर त्यांनी आधी झाकण उघडून सागाच्या पट्ट्यांचे सांधे अंगठ्यानं दाबून बघितले.

एलेरॉनच्या हॉर्नलाही आतलंच भोक वापरलेलं आहे आणि तिथेही तार भोकापेक्षा बारीक आहे. रॉड आखूड असल्यानं कमान होण्याची भीती नाही, पण ढिलेपणा आहेच. पंख उतरवून दोन्ही हॉर्न बदलायचं काम मुलानं हाती घेतलं आहे. ते होईपर्यंत जोराचे सूर मारायचे नाहीत, असं आमचं ठरलं आहे.